विंडोज विकत घेतलं, मग मालकी कुणाची?

तालुक्याच्या कुठल्याही कॉम्प्युटर दुकानात जा, काउंटरवरचा पोरगा एक प्रश्न हमखास विचारतो, "भाई, विंडोज ओरिजिनल टाकू की साधं?" 'साधं' म्हणजे चोरीचं, हे त्यालाही ठाऊक असतं आणि गिऱ्हाइकालाही. आवाज खाली करायची गरज दोघांनाही वाटत नाही. मग अधूनमधून कुणीतरी लेख लिहितं की आपल्या लोकांना फुकटाची सवय लागलीय, बौद्धिक मेहनतीची कदर नाही वगैरे. त्या लेखांशी माझं भांडण नाही. दुसऱ्याची मेहनत न विचारता उचलणं ही चोरीच. गरिबीचं कारण पुढं करून ती धुऊन निघत नाही. मला बोलायचंय ते दुसऱ्या गिऱ्हाइकाबद्दल, जो "ओरिजिनलच टाक" म्हणतो आणि खिशातून पैसे काढतो. त्याच्या पदरात नेमकं काय पडतं?

पदरात पडतो तो परवाना. विंडोज १० आणि ११च्या करारात कंपनीनं स्वच्छ लिहून ठेवलंय की सॉफ्टवेअर विकलेलं नाही, वापरायला दिलेलं आहे. एका यंत्रावर एकदा बसवायचं आणि एका वेळी एकानं वापरायचं. दुकानात आपण 'विकत घेतलं' म्हणतो, बिलावर विक्री असते, जीएसटीही लागतो. घरी येऊन 'मी सहमत आहे'वर क्लिक केलं की विक्रीचा परवाना होतो. पैसे देऊन झाल्यावर, माल घरी आल्यावर अटी वाचायला मिळतात, असा व्यवहार दुसऱ्या कुठल्या धंद्यात चालला असता?

या परवान्याच्या घरगुती गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं दोन मुख्य जाती आहेत. एक 'रिटेल', म्हणजे सुटा घेतलेला. अमेरिकेत विंडोज ११ होमचा सुटा परवाना १३९ डॉलरला मिळतो, आपल्या पैशात अकरा-बारा हजार. तो जुन्या यंत्रावरून काढून नव्या यंत्रावर नेता येतो. दुसऱ्याला द्यायचा तर की, पावती, जे काही मिळालं होतं ते सगळं सोबत द्यायचं आणि स्वतःकडं प्रत ठेवायची नाही. या अटी रास्त आहेत. पुस्तक विकलं की ते आपल्याकडं राहत नाही, तसंच हे. दुसरी जात 'ओईएम', म्हणजे यंत्रासोबत आलेली. लॅपटॉप घेताना विंडोज आधीच बसवलेलं असतं ना, ते हे. त्याची किंमत यंत्राच्या किमतीत मुरलेली असते, त्यामुळं आपण ती मोजली हेही कळत नाही. हा परवाना त्या यंत्राशी बांधलेला. यंत्र दुसऱ्याला दिलं तर यंत्रासोबत जाईल, पण यंत्र संपलं की तोही संपला. आपल्या घरांमध्ये जे कायदेशीर विंडोज आहे, त्यातलं बहुतेक याच जातीचं.

आता 'यंत्र' म्हणजे काय, हा प्रश्न येतो आणि इथंच सगळी गंमत आहे. हार्ड डिस्क बदलली, रॅम वाढवली, मॉनिटर नवा आणला, कॅबिनेट बदलली, तरी यंत्र तेच. मदरबोर्ड बदलला की यंत्र नवं! कंपनीनं असेंबल करणाऱ्यांना दिलेल्या खुलाशात याचं कारणही सांगितलंय: सगळे सुटे भाग बदलता येत असतील तर मूळ यंत्र कोणतं हे ठरवायला एक भाग पक्का धरावा लागतो, तो भाग मदरबोर्ड. त्यातही पोटनियम आहे. बोर्ड बिघडला म्हणून बदलला तर जुना परवाना चालतो. यंत्र सुधारायचं म्हणून बदलला तर नवा परवाना घ्यावा लागतो.

कागदावर हे ठीक वाटतं. आता जून महिन्यातला पहिला वळीव डोळ्यांपुढं आणा. वीज पडली, बोर्ड जळाला. यंत्र सहा वर्षांचं. त्या मॉडेलचा बोर्ड बाजारात उरलेला नाही, म्हणून दुरुस्तीवाला नव्या जातीचा टाकतो. नव्याला जुना प्रोसेसर बसत नाही, म्हणून तोही बदलतो. ही दुरुस्ती झाली की सुधारणा? गिऱ्हाइकाच्या मनात तर दुरुस्तीच होती. पण विंडोजला मन वाचता येत नाही, ते भागांची ओळख तपासतं आणि सांगतं, हे यंत्र माझ्या ओळखीचं नाही. ब्रँडेड यंत्रात तर २०१२च्या विंडोज ८पासून परवान्याची की बोर्डावरच्या चिपमध्येच साठवलेली असते. बोर्ड जळाला की कीसुद्धा त्याच्यासोबत राख. मग फोन करा, सांगा, समजवा. मालेगावात जळालेली मोटर बदलली म्हणून माग विकणारा दारात येऊन "आता हा माग नवा, पुन्हा पैसे दे" असं म्हणाला तर त्याला लोक चहासुद्धा विचारणार नाहीत.

आणि चोरीच्या विंडोजचं काय होतं? काही होत नाही. पोरगा पेन ड्राइव्ह लावतो, अर्ध्या तासात पुन्हा टाकून देतो. बोर्ड कोणताही असो. नियमांचा सगळा जाच पैसे देणाऱ्याच्या वाट्याला येतो, कारण ज्यानं पैसेच दिले नाहीत तो करार कशाला वाचेल?

दान आलेल्या कॉम्प्युटरांची गोष्ट याहून वाईट आहे. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी यंत्रं बदलतात आणि जुनी एखाद्या शाळेला, वाचनालयाला, वस्तीतल्या अभ्यासिकेला देऊन टाकतात. चांगलं काम आहे. या यंत्रांवर बऱ्याचदा कंपनीच्या घाऊक परवान्याचं विंडोज असतं. घाऊक परवाना त्या कंपनीच्या नावाचा. यंत्र दान झालं तरी तो सोबत जात नाही. त्यातल्या एका पद्धतीत यंत्राला दर १८० दिवसांच्या आत कंपनीच्या सर्व्हरशी बोलून ओळख ताजी करावी लागते. अभ्यासिकेत कुठला आलाय कंपनीचा सर्व्हर? सहा महिने सगळं सुरळीत चालतं, मग पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा अशी ओळ उमटते. देणाऱ्यानं फसवलं असं घेणाऱ्याला वाटतं, घेणाऱ्यानं काहीतरी बिघडवलं असं देणाऱ्याला. खरं तर यंत्रासोबत मूळचा एक ओईएम परवाना बहुधा आलेला असतोच, कारण घाऊक परवाना हा साधारणतः आधीच्या परवान्यावर चढवलेला असतो. डेस्कटॉपच्या मागं चिकटवलेल्या स्टिकरवर नाहीतर बोर्डाच्या चिपमध्ये तो पडून असतो. तो वापरून तीच आवृत्ती नव्यानं बसवता येते. पण हे सांगणारं कुणी नसतं. मग 'साधं' टाकणाऱ्या पोराला बोलावलं जातं आणि ज्यांना परवाना होता तेही चोर ठरतात. जुने कॉम्प्युटर देणाऱ्या संस्थांना एक विनंती: यंत्र देताना त्यावर कोणता परवाना उरलाय, ते एका कागदावर लिहून द्या. त्याला पैसे पडत नाहीत.

ज्या कंपनीच्या अटींबद्दल आपण बोलतोय तिनं स्वतः काय केलं, हेही बघितलं पाहिजे. १९८१ साली आयबीएमच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी मायक्रोसॉफ्टला ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. तिनं सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीची तयार सिस्टिम सुमारे ७५ हजार डॉलरला सगळ्या हक्कांसह विकत घेतली. नुसत्या वापराच्या परवान्यावर ती थांबली नाही, सरळ मालकी घेतली. विकणाऱ्यानं आपल्या यंत्रांसोबत ती सिस्टिम देण्याचा हक्क राखून ठेवला होता. पुढं त्याला तो हक्क कंपनीसोबत दुसऱ्याला विकायचा होता, तेव्हा हक्क असा हस्तांतरित होतो का यावरून वाद कोर्टात गेला आणि १९८६ साली ९ लाख २५ हजार डॉलरवर मिटला. हस्तांतराचा हक्क किती मोलाचा असतो, हे या कंपनीइतकं कुणाला कळलं असेल? त्याआधी १९७६ साली बिल गेट्स यांनी हौशी कॉम्प्युटरवाल्यांना जाहीर पत्र लिहून तुम्ही चोरी करता असं सुनावलं होतं. मात्र १९९८ साली चीनबद्दल बोलताना हेच गेट्स म्हणाले की लोक चोरणारच असतील तर आमचंच चोरावं. सवय लागेल आणि मग पुढच्या दशकात पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही बघू. चोरीबद्दल आपल्याला नीतीचे धडे देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

गरीब देशांसाठी म्हणून त्यांनी काय काढलं, तेही आठवतं का? २००५ साली भारतात हिंदीतून एक्सपी स्टार्टर आलं. त्यात एका वेळी तीनच प्रोग्राम चालायचे. चौथा उघडायचा तर एक बंद करा. विंडोज ७ स्टार्टरमध्ये पडद्यामागचं चित्र बदलायची मुभा नव्हती. म्हणजे स्वस्तात हवं तर चित्रही आमच्याच पसंतीचं.

लॅपटॉप घेताना विंडोज नको म्हणायची सोय आहे का? करार तर म्हणतो की अटी मान्य नसतील तर यंत्र बनवणाऱ्याकडं जा, त्याच्या धोरणानुसार परतावा मिळेल. आपल्याकडच्या दुकानात हा परतावा मागून बघा, दुकानदार तुमच्याकडं संशयानं बघेल. इटलीत एका ग्राहकाचं हेच प्रकरण एचपीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ साली परताव्याचा हक्क मान्य झाला. याउलट सोनीविरुद्धच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयानं २०१६ साली सांगितलं की सॉफ्टवेअर आधीच बसवून यंत्र विकणं ही आपोआप गैर प्रथा ठरत नाही. आपल्या बाजारानं यावर स्वतःचा तोडगा काढलाय, 'डॉसवाला' लॅपटॉप. हजारो रुपयांनी स्वस्त, आत फुकटचं फ्रीडॉस, जे घरी नेऊन कुणीच वापरत नाही. दुकानातून बाहेर पडायच्या आत त्यावर 'साधं' विंडोज चढलेलं असतं. हे बनवणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला माहीत; कायदा मात्र फक्त शेवटच्या माणसाला विचारणार.

त्या कायद्याकडं येऊ. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमात चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट खास कारण नोंदवून कैद टाळू शकतं, दंड ५० हजारांपर्यंत ठेवू शकतं. ठीक. पण रीतसर घेतलेल्याला त्याच कायद्यात काय मिळतं? ५२व्या कलमानं रीतसर प्रत बाळगणाऱ्याला ती ज्या कामासाठी घेतली त्यासाठी वापरायची आणि सुरक्षिततेसाठी जादा प्रत ठेवायची मुभा दिलीय. ती प्रत दुसऱ्याला विकण्याचा किंवा दुसऱ्या यंत्रावर नेण्याचा हक्क मात्र स्पष्ट शब्दांत कुठंच लिहिलेला नाही.

न्यायालयात या प्रश्नाची उत्तरं कर भरायचा की टाळायचा यावर बदलत गेली. २००४ साली टाटा कन्सल्टन्सीविरुद्ध आंध्र प्रदेश खटल्यात राज्य म्हणत होतं, तयार सॉफ्टवेअर ही वस्तू आहे, विक्रीकर द्या. कंपनी म्हणत होती, वस्तू नाही. घटनापीठानं वस्तू ठरवली. पुढं आयकर खात्यानं परदेशी सॉफ्टवेअरच्या रकमेवर रॉयल्टी म्हणून कर मागितला, तेव्हा धंदेवाल्यांची बाजू उलटली: छे, ही तर साधी मालाची विक्री, कॉपीराइटचा कुठलाच हक्क आम्ही देत नाही. २ मार्च २०२१ला 'इंजिनियरिंग अ‍ॅनालिसिस'च्या निकालात न्यायमूर्ती नरिमन यांच्या पीठानं ते मान्य केलं. कागदावर परवाना असा शब्द असला तरी प्रत्यक्षात ही वस्तूची विक्री आहे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. निकाल कराबद्दल आहे, हे मान्य. पण आयकराच्या दारात जी विक्री आहे, ती माझ्या घराच्या दारात परवाना कशी होते? विक्री असेल तर विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हात किती दिवस राहणार?

युरोपनं हा प्रश्न सरळ सोडवलाय. ३ जुलै २०१२ला युजसॉफ्टविरुद्ध ओरॅकल खटल्यात तिथल्या न्यायालयानं ठरवलं की कायमस्वरूपी वापरासाठी एकरकमी पैसे घेतले असतील तर ती विक्रीच. प्रत डाउनलोड केलेली असली तरी मालक ती पुढं विकू शकतो, आपल्याकडची बंद करण्याच्या अटीवर. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयानं तर २००० सालीच मायक्रोसॉफ्टला सांगितलं होतं की यंत्राशिवाय ओईएम प्रत विकायला तुम्ही बाजारातल्या तिसऱ्या माणसाला मनाई करू शकत नाही. अमेरिकेत २०१०च्या ऑटोडेस्क खटल्यात नेमकं उलटं ठरलं. म्हणजे हा काही निसर्गनियम नाही. प्रत्येक देशानं ठरवायची गोष्ट आहे, आणि आपण अजून ठरवलेली नाही.

न ठरवण्याची किंमत आत्ताच मोजावी लागतेय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे मोफत सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर किंवा त्यापुढचा लागतो. २०१७ साली सातव्या पिढीचं यंत्र घेतलेल्या घरात ते आजही झकास चालत असेल, मुलं त्यावर अभ्यास करत असतील, पण नियमाच्या लेखी ते बाद. परवाना वैध आहे आणि वापराला धोका आहे, अशी मधली अवस्था. आणखी एक वर्षाचे अपडेट, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, ३० डॉलर देऊन मिळतात, नाहीतर आपल्या यंत्राच्या सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर ठेवून. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला तेव्हा तिथल्या घरांना पैसे आणि बॅकअप, दोन्ही अटींतून सूट मिळाली; खात्यानं साइन इन केलं की झालं. तेच विंडोज, त्याच अडचणी, फरक फक्त विचारणारं कुणी आहे की नाही याचा.

इथं कुणीतरी लिनक्सचं नाव घेणार, आणि घ्यावंच. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, आपल्या सी-डॅकनं बॉस लिनक्स २००७ सालीच आणलं. अभ्यास, इंटरनेट, पत्रं लिहिणं एवढंच असेल तर जुन्या यंत्रावर लिनक्स टाका, परवान्याची कटकट संपली. पण उर्दूची पत्रिका, लग्नाचे रुक्के छापणाऱ्या माझ्या ओळखीच्या डीटीपीवाल्याला हे सांगून बघा. त्याचं इनपेज विंडोजवर चालतं. मराठी मजकूर श्रीलिपीत, हिशेब टॅलीत. आणि सरकारी नोकरीसाठी जी एमएस-सीआयटी आपल्या पोरापोरींनी केली, तिच्यात बोटांना वळण लावलं ते विंडोजचंच. राज्यानं स्वतः पिढीच्या पिढी एका कंपनीच्या दारात नेऊन सोडली आणि आता नको असेल तर वापरू नका म्हणायचं, हे बरं आहे!

ओरडून काही होत नाही असंही नाही. ऑक्टोबर २००६मध्ये विंडोज व्हिस्टाच्या करारात कलम आलं की सुटा परवाना दुसऱ्या यंत्रावर एकदाच नेता येईल. स्वतःची यंत्रं स्वतः जोडणाऱ्यांनी गदारोळ केला आणि नोव्हेंबर उजाडताच कंपनीनं ते कलम बदललं. महिनाही लागला नाही. आपल्याकडं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ही व्याख्या आहे. ग्राहकावर अवाजवी अट लादणारा करार राज्य आयोगापुढं आव्हान देता येतो. बोर्ड जळाला म्हणून परवाना मेला, ही अट अवाजवी नाही तर काय? कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात एक पोटकलम वाढवायला हवं: एकरकमी घेतलेली प्रत, जुन्या यंत्रावरून काढून, नव्या यंत्रावर नेण्याचा किंवा दुसऱ्याला देण्याचा हक्क कुठल्याही करारानं काढून घेता येणार नाही. दोन ओळींचं काम आहे. शेतीची अवजारं, मोबाइल, गाड्या यांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्रानं २०२२ साली पोर्टल काढलं, ते चांगलंच झालं. पण आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा परवाना कुणाचा हे ठरल्याशिवाय कॉम्प्युटरची दुरुस्ती अर्धीच राहते.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर नवं यंत्र घेताना दुकानदाराला बिलावर लिहायला सांगा, आत विंडोज ओईएम आहे की रिटेल, आणि त्याची किंमत किती धरलीय. तो म्हणेल, सिस्टिममध्ये तसा रकाना नाही. मग हातानं लिहून सही-शिक्का मारून घ्या.